बेटावरची स्कूबा सुट्टी: परतीच्या विमानापासून उलटं मोजा

छोट्या बेटावर डाइव्हिंगला जायचं ठरलं की लोक आधी बेट निवडतात, मग राहायची जागा, आणि परतीचं विमान मिळेल ते घेतात. तिथे पोचल्यावर लक्षात येतं की सात दिवसांच्या सुट्टीत डाइव्ह करण्याजोगे दिवस जेमतेम चार आहेत. म्हणून हे नियोजन शेवटाकडून करावं. परतीचं विमान किती वाजता सुटतं, ते आधी कागदावर लिहा आणि तिथून मागे मोजत या.

याचं कारण नायट्रोजन. पाण्याखाली आपण दाबाखालची हवा श्वासात घेतो, आणि जितकं खोल जाऊ, जितका वेळ राहू, तितका नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो. त्याला काही तास, कधी पूर्ण दिवस लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना त्या दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. हाच डीकंप्रेशन सिकनेस, डाइव्हर लोकांच्या बोलीत 'बेंड्स'.

डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन', या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार डीकंप्रेशन थांबे (नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना सक्तीने घ्यायचे थांबे) न लागणाऱ्या एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. सुट्टीवरचा माणूस नेहमी दुसऱ्या गटात मोडतो. आमचा आग्रह सरळ २४ तासांचा आहे. १८ तास ही किमान मर्यादा आहे, आणि सुट्टीत थकवा, कमी पाणी पिणं, अपुरी झोप हे सगळं त्यात भर घालत असतं.

इथे हमखास होणारी चूक अशी: लोक २४ तास मोजतात ते मोठ्या विमानापासून. पण बेटावरून मुख्य भूमीकडे जाताना आदल्या संध्याकाळी छोटं विमान किंवा सीप्लेन असतं. तेही विमानच. मोजणी पहिल्या उड्डाणापासून करायची. फेरीबोटीने परतणार असाल तर तो प्रवास मोजणीत येत नाही, आणि यातूनच सोय निघते: शेवटचा कोरडा, म्हणजे डाइव्ह नसलेला, दिवस फेरीसाठी वापरा, रात्री मुख्य भूमीवर झोपा, दुसऱ्या दिवशी विमान पकडा. वारं सुटून फेरी रद्द झाली तरी हाताशी थोडा वेळ राहतो. बेटावर डोंगर किंवा ज्वालामुखी असेल तर त्याची चढाई डाइव्हिंगच्या आधी उरकावी किंवा कोरड्या दिवसाच्या अखेरीस ठेवावी. उंचीचा नियम पायी चढणाऱ्यालाही लागू आहे.

दहा दिवसांचा हिशेब करून पाहू. दहाव्या दिवशी विमान, नववा दिवस कोरडा, आठव्या दिवशी शेवटच्या डाइव्ह, त्याही दुपारच्या आत. पहिला दिवस प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी झोप, कागदपत्रं आणि उथळ पाण्यातली एक चाचणी डाइव्ह. सहावा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. सलग चार दिवस पाण्यात राहिलं की कान आणि अंग दोन्ही कुरकुर करू लागतात, आणि एखादा दिवस हवामानाने खाल्ला तर तो भरून काढायला हीच जागा. राहिले तिसरा, चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा. पाच दिवस, रोज दोन ते तीन डाइव्ह, म्हणजे बारा-तेरा डाइव्ह. दहा दिवसांच्या सुट्टीत इतकंच बसतं. सात दिवसांची सुट्टी असेल तर सहा-सात डाइव्ह धरा आणि आगाऊ पैसे तेवढ्याच डाइव्हचे भरा.

ऋतू, चंद्र आणि भरती

उष्णकटिबंधात पाणी वर्षभर २६ ते ३० अंश सेल्सियस असतं, त्यामुळे कधीही गेलं तरी चालेल असं वाटतं. पाण्याचं तापमान चालतं. वारा चालत नाही. जाहिरातीतले 'सुके महिने' आणि डाइव्हिंगचे चांगले महिने एकच असतील असं नाही. वाऱ्याच्या दिशेनुसार बेटाची एक बाजू खवळते आणि दुसरी शांत राहते. म्हणून डाइव्ह सेंटरला 'ऋतू चांगला आहे का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'त्या महिन्यात वारा कुठल्या बाजूने असतो आणि कोणत्या जागा बंद राहतात' असं विचारा.

दुसरी गोष्ट दृश्यमानता. स्वच्छ निळं पाणी आणि मोठे जीव ही जोडी क्वचितच एकत्र सापडते. मँटा रे हा पंखांसारखे कल्ले असलेला मोठा मासा आणि व्हेल शार्क प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगतात, आणि प्लवक दाटले की पाणी गढूळ होतं. मालदीवमध्ये हे नीट दिसतं: ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्रवाह पूर्वेकडून येतो, पूर्वेकडच्या खाड्या स्वच्छ राहतात आणि प्लवक पश्चिमेच्या बाजूला साचतो, मँटाही तिकडेच, नैर्ऋत्य मोसमीत हे चित्र उलटतं. तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला ३० मीटरपर्यंत दिसणारं प्रवाळ हवंय की १० मीटरच्या धूसर पाण्यातून डोक्यावरून जाणारा मँटा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी स्वच्छ पाणी निवडावं, कारण गढूळ पाण्यात नवखा माणूस जोडीदाराला शोधण्यातच सगळी हवा संपवतो.

तिसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही: चंद्र. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाण्याची चढउतार जास्त, म्हणून खाड्यांमध्ये ओढही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ओढ मंद. अनुभवी माणसाला उधाणात मजा येते, कारण ओढीच्या तोंडाशी शार्क आणि मोठे मासे जमतात. नवख्याने मात्र तारखा अष्टमीच्या आगेमागे बसतील असं बघावं. कॅलेंडर भिंतीवर टांगलेलंच असतं, एकदा बघायला काय लागतं?

काही जागांना परवाना लागतो, तोही मोजका. मलेशियातल्या सिपादान बेटावर रोजच्या परवान्यांना मर्यादा आहे आणि २००४च्या अखेरीपासून तिथे मुक्कामाला बंदी आहे. राहायचं शेजारच्या बेटांवर. मालदीवच्या हनिफारू खाडीत मँटा बघता येतात, पण फक्त स्नॉर्केलने. स्कूबा चालत नाही. अशा एखाद्या जागेसाठीच बेट निवडलं असेल तर परवाना नावावर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

कागद, आणि आरोग्याचा फॉर्म

मूळ प्रमाणपत्र 'ओपन वॉटर', मर्यादा १८ मीटर. त्यापुढचं 'अ‍ॅडव्हान्स्ड', ३० मीटर. मनोरंजनासाठीच्या डाइव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. पॅडी, एसएसआय, सीमास या प्रशिक्षण संस्थांपैकी कुणाचंही कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. बेट निवडताना तिथल्या नामांकित जागांची खोली बघा. ज्या भिंतीसाठी जगभरातून लोक येतात ती २५ मीटरवर सुरू होत असेल आणि तुमच्याकडे १८ मीटरचं कार्ड असेल, तर तुम्हाला रोज दुसऱ्या बोटीत बसवतील.

कार्ड नसेल तर दोन मार्ग. एक, बेटावरच पूर्ण कोर्स: तीन ते चार दिवस, त्यात थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. दुसरा, थिअरी घरी ऑनलाइन आणि सराव घराजवळच्या तलावात उरकून बेटावर फक्त त्या चार डाइव्ह करायच्या. याला रेफरल म्हणतात. सुट्टी आठवड्याची असेल तर दुसरा मार्ग घ्या. बेटावर येऊन दोन दुपारी वर्गात बसणं जिवावर येतं. मास्क काढून परत घालणं, पाण्याने भरलेला मास्क रिकामा करणं यात ज्याची भीती मोडायची असते, त्याला तलावात दहा वेळा करायची मुभा असते. समुद्रात रांगेत बाकीचे वाट बघत असतात.

कार्ड आहे पण वर्षभर पाण्यात उतरला नाहीत? रिफ्रेशर करा, आणि तो स्वतःहून मागा. अर्धा दिवस जातो, पण त्या अर्ध्या दिवसात हात परत वळणावर येतात.

आरोग्याचा फॉर्म बेटावर पोचल्यावर हातात पडतो आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. दमा, हृदयविकार, फिट्स, फुप्फुस खचल्याचा इतिहास, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते. ती सही बेटावर मिळेलच असं नाही, आणि नाही मिळाली तर सगळी सुट्टी किनाऱ्यावर. हा फॉर्म आधीच डाउनलोड करून दीड-दोन महिने अगोदर भरा, गरज असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि सही केलेली प्रत सोबत न्या. 'नाही' लिहून वेळ मारून नेऊ नका. हे प्रश्न ज्या आजारांबद्दल आहेत, ते पाण्याखाली वेगळेच वागतात. दम्यात श्वासनलिका आवळली तर वर येताना प्रसरण पावणारी हवा फुप्फुसात अडकते आणि ते फाटू शकतं. गरोदर असताना डाइव्हिंग नाहीच. मलेरियाच्या प्रदेशात जाणार असाल तर डॉक्टरांना सांगा की डाइव्हिंग करणार आहे. मेफ्लोक्विन या मलेरियाच्या औषधाचे दुष्परिणाम, चक्कर आणि भ्रम, हे बेंड्ससारखेच दिसतात, म्हणून डाइव्हरला सहसा दुसरं औषध देतात.

विम्याचं कलम बारकाईने वाचा. साध्या प्रवास विम्यात डाइव्हिंग अनेकदा वगळलेलं असतं, किंवा १८ अथवा ३० मीटरपर्यंतच धरलेलं असतं. तुम्हाला दोन गोष्टी नक्की हव्यात: रीकंप्रेशन चेंबरचा (बेंड्सच्या रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायच्या बंद खोलीचा) खर्च, आणि तिथपर्यंत नेण्याचा खर्च. छोट्या बेटावर सहसा चेंबर नसतो. बेंड्सच्या रुग्णाला उंचीवर नेता येत नाही, म्हणून खालून उडणारं किंवा समुद्रसपाटीचा दाब राखणारं विमान बोलवावं लागतं. नेहमीच्या उपचाराचा पहिला टप्पाच पावणेपाच तासांचा असतो, आणि पुष्कळदा एकाने भागत नाही. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून ठेवा. मोबाइल पाण्यात पडतो.

सेंटर कसं पारखायचं

सेंटर निवडताना लोक चकचकीत फोटो बघतात. आम्ही सांगू की ईमेलवर चार प्रश्न विचारा आणि उत्तर कसं येतं ते बघा.

पहिला: एका गाइडमागे किती डाइव्हर? चार असतील तर उत्तम, सहापर्यंत ठीक. आठ म्हणाले तर दुसरं सेंटर शोधा, कारण आठांत ज्याची हवा सगळ्यात आधी संपते त्याच्यासोबत उरलेले सातही वर येतात.

दुसरा: बोटीवर ऑक्सिजन आहे का, किती लिटर, आणि सगळ्यात जवळचा चेंबर किती तासांवर? हा हिशेब तुम्हीही करू शकता. बेंड्सच्या रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला सुमारे १५ लिटर देतात. ६८० लिटरची बाटली ४५ मिनिटांत संपते. दवाखाना तीन तासांवर असेल तर एका बाटलीवर भागणार नाही, हे त्यांना माहीत असायला हवं. जे सेंटर या प्रश्नावर आकडे देतं ते निवडा. जे 'काळजी करू नका' म्हणतं त्याची काळजी करा.

तिसरा: बोट सुटण्याआधी आणि परत निघण्याआधी हजेरी कशी घेतात? नावं पुकारून, एकेकाने आवाज देऊन. नुसती डोकी मोजली तर चुकतात. डाइव्हर समुद्रातच राहून बोट निघून गेल्याच्या घटना जगात घडल्या आहेत.

चौथा: हवामानामुळे डाइव्ह रद्द झाली तर पैसे परत की पुढच्या दिवशी भरपाई?

तिथे गेल्यावर कॉम्प्रेसर बघायची परवानगी मागा. त्याची हवा आत घेणारी नळी जनरेटरच्या किंवा बोटीच्या धुरापासून लांब आणि वाऱ्याच्या बाजूला असायला हवी. धूर आत गेला तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये भरतो. त्याला वास नसतो, पण सोबत येणाऱ्या तेलकट धुराला असतो. सिलिंडरची झडप किंचित उघडून हवेचा वास घ्या. तेलकट किंवा जळका वास आला तर ते सिलिंडर नको म्हणा. डाइव्हनंतर बोटीवरच्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखू लागलं तर हवेवरच संशय घ्या, उन्हावर ढकलू नका. सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. पुष्कळ देशांत ती पाच वर्षांच्या आतली असावी लागते.

सामान

बेटाकडे जाणाऱ्या छोट्या विमानात सामानाची मर्यादा बहुधा १५ ते २० किलो, कधी आणखी कमी. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), फिन, सूट मिळून सहज १० ते १२ किलो होतात. पहिल्या-दुसऱ्या खेपेला बीसीडी आणि फिन भाड्याने घ्या. स्वतःचं मात्र तीन गोष्टींचं असू द्या: मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली, वेळ आणि नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं मनगटावरचं यंत्र) आणि बोटीला दिसावा म्हणून वर सोडायचा फुगा, म्हणजे सिग्नल बॉय.

मास्क पारखायची रीत सोपी आहे. पट्टा बाजूला करून मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी दाट असेल तर नाकाखालून पाणी शिरतं. तिथे थोडंसं सिलिकोन ग्रीस लावतात किंवा मिशीचा वरचा काठ कापतात. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो काढला नाही तर पाण्याखाली काच धुरकटत राहते. साधी टूथपेस्ट आतून बोटाने पाच मिनिटं चोळा, धुवा, आणि हे दोन-तीनदा करा. चष्म्याचा नंबर असेल तर तयार नंबरच्या काचा बसणारे मास्क मिळतात. ते घरीच घ्या, बेटावर तुमचा नंबर शिल्लक असेल याचा भरवसा नाही.

कॉम्प्युटर दोघांत एक चालत नाही. दोघांची खोली कधीच तंतोतंत सारखी नसते. तो भाड्याचा असेल तर रोज तोच मागा, कारण कालचा नायट्रोजन त्याच्याच हिशेबात आहे.

स्वतःचा रेग्युलेटर नेणार असाल तर आधी विचारा: सिलिंडरला योक बसतो की डिन? (रेग्युलेटर जोडायच्या या दोन पद्धती.) डिनचा रेग्युलेटर योकच्या सिलिंडरवर बसवायला छोटा अ‍ॅडॅप्टर मिळतो. तो खिशात असला तर आठवडा वाचतो. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. महिनाभर आधी करून एक डाइव्ह किंवा निदान तलावात चाचणी घ्या. सर्व्हिसिंगनंतर पहिल्याच वापरात गळती निघते, आणि बेटावर ओ-रिंगखेरीज (गळती रोखणाऱ्या रबरी कडीखेरीज) काही मिळत नाही.

टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. हातसामानात, टोकांवर चिकटपट्टी लावून. शिशाची वजनं न्यायची नाहीत, ती सगळीकडे मिळतात. सूट ३ मिलिमीटरचा पुरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, त्यामुळे २८ अंशांच्या पाण्यातही तिसऱ्या डाइव्हला हुडहुडी भरते. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबर बसणारा शर्ट, घ्या म्हणजे सनस्क्रीन कमी लागतं. पलाऊमध्ये २०२०पासून प्रवाळाला घातक घटकांच्या सनस्क्रीनवर बंदी आहे, हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्यांच्या विक्रीवर २०२१पासून. तुमच्या बेटाचा नियम तपासा.

पहिली डाइव्ह

ही उथळ, ओढ नसलेल्या जागी, कॅमेऱ्याशिवाय करायची. तिचा उद्देश वजन जुळवणं एवढाच.

३ मिलिमीटरचा सूट आणि अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर असेल तर ७० किलोच्या माणसाने साधारण ४ किलोपासून सुरुवात करावी. खोल पाण्यात उभे राहा, बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीचा श्वास घेऊन रोखून धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत राहिलं पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू बुडायला हवं. सिलिंडर भरलेलं असताना ही चाचणी केली तर त्यात २ किलो वाढवा. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमधून १५० बार (बार हे दाबाचं माप) हवा वापरली की जवळपास २ किलो वजन कमी होतं, आणि शेवटी ५ मीटरवर थांबायची वेळ येते तेव्हा हलकं झालेलं सिलिंडर तुम्हाला वर खेचतं. वजन जास्त झालं तरी त्रास तेवढाच: जास्तीच्या शिशाला तोलायला बीसीडीत हवा भरावी लागते, ती हवा खोलीप्रमाणे आकसते-फुगते, आणि माणूस तासभर बटणंच दाबत बसतो. शिवाय पाय खाली लोंबकळून प्रवाळाला लागतात.

पाण्यात उडी मारण्याआधी एक चाचणी कधीही चुकवू नका. प्रेशर गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन मोठे श्वास घ्या. काटा जागेवर स्थिर राहिला तर झडप पूर्ण उघडी आहे. श्वासागणिक काटा खाली येऊन परत वर जात असेल तर झडप अर्धवट उघडी आहे. बोटीवर काहीच जाणवत नाही, हवा व्यवस्थित येते. २० मीटरवर दर श्वासाला तिप्पट हवा लागते, तेव्हा ती अरुंद फट पुरत नाही आणि गेजवर १८० बार दिसत असतानाच श्वास कोंडतो. घोटाळा बहुतेकदा मदतीला आलेल्या हातांनी होतो: तुम्ही उघडलेली झडप दुसरा उलट फिरवतो. तीन श्वास आणि एक काटा, एवढ्यात ते कळतं.

खाली उतरताना कानाला दडे बसायच्या आत कान मोकळे करा. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर, उतरायला लागण्याआधी एकदा आणि मग दर अर्ध्या मीटरला. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, म्हणून बहुतेक सगळा त्रास पहिल्या काही मीटरमध्येच असतो. दुखायला लागलं तर जोर लावू नका. मीटरभर वर या, मोकळं करा, परत उतरा. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका, कारण तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

हवेचा हिशेब एकदा मनाशी करून ठेवा. ११ लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत भरलेलं, त्यातले ५० बार राखीव, म्हणजे वापरायला सुमारे १६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर ४० लिटर लागतात, १८ मीटरवर ५६, ३० मीटरवर ८०. त्याच सिलिंडरमध्ये अनुक्रमे सुमारे ४१, ३० आणि २० मिनिटं. जास्त वेळ पाण्यात राहायचं असेल तर उथळ राहा. रंगही उथळ पाण्यातच जास्त दिसतात, खोल गेलं की लाल जवळपास नाहीसा होतो.

वर येताना वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा, आणि ओढ असलेल्या जागी तिथूनच सिग्नल बॉय वर सोडा. लाटांवर डोकं बोटीवरून दिसत नाही. दीड मीटरचा नारिंगी फुगा दिसतो.

रोजची घडी

सगळ्यात खोल डाइव्ह सकाळची पहिली. दोन डाइव्हमध्ये किमान तासभर, शक्य असेल तर दीड तास. रोज तीन-चार डाइव्ह करणार असाल तर नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स पहिल्या दोन दिवसांतच करून घ्या. त्यात ऑक्सिजन ३२ टक्के असतो, म्हणून नायट्रोजन कमी शोषला जातो. पण जास्त ऑक्सिजन खोलवर विषारी ठरतो, त्यामुळे ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची हद्द ३३ मीटर. सिलिंडरमधलं प्रमाण स्वतः मोजून बघायचं आणि कॉम्प्युटरवर तेवढंच बसवायचं.

बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढून घेऊन उपयोग नाही, निदान तासभर आधी घ्या, आणि ती घेतल्यावर झोप येते का हे घरी एकदा तपासा. बोटीच्या मध्यभागी, मागच्या बाजूला बसा, क्षितिजाकडे बघा, इंजिनाच्या धुरापासून दूर. पाणी भरपूर प्या. बोटीवरची हवा आणि सिलिंडरमधली कोरडी हवा दोन्ही अंगातलं पाणी ओढतात.

प्रत्येक डाइव्हनंतर कान गोड्या पाण्याने धुवा आणि डोकं दोन्ही बाजूंना कलंडून पाणी निथळू द्या. कानाबाहेरची पाळी ओढल्यावर दुखली तर कानाच्या नळीला संसर्ग होतोय. दोन दिवस पाण्याबाहेर. कान कोरायच्या काड्या नेऊच नका, ओलसर कातडं तेवढ्याने सोलतं.

सांध्यात ठणक, अंगावर चट्टे, मुंग्या, न सांगता येणारा थकवा यांपैकी काहीही डाइव्हनंतर जाणवलं तर 'आखडलं असेल' म्हणून झोपू नका. लगेच सेंटरला सांगा आणि ऑक्सिजन मागा. बेंड्सचा पहिला इलाज तोच आहे, आणि तो जितका लवकर तितकं बरं वाटण्याची शक्यता जास्त. लोक तासन्‌तास गप्प राहतात, बहुतेकदा सगळ्यांची सुट्टी बिघडेल म्हणून.

शेवटच्या डाइव्हनंतर सगळं सामान गोड्या पाण्यात भिजवा. रेग्युलेटरच्या तोंडावरचं धूळटोपण कोरडं करून आधी घट्ट बसवा, आणि पाण्यात असताना समोरचं बटण दाबू नका. दाबलंत की पाणी नळीतून आतल्या भागात शिरतं आणि पुढच्या सुट्टीला गंज निघतो. बीसीडीत थोडं गोडं पाणी घालून हलवून ओता. सावलीत वाळवायला कोरडा दिवस पुरतो. ओला सूट बॅगेत दोन किलो जास्त भरतो.

कॉम्प्युटर बॅगेत टाकू नका, मनगटावर असू द्या. त्याच्या पडद्यावर विमानाचं छोटं चिन्ह किंवा उलटी मोजणी दिसत असते. विमानतळावर सामान द्यायच्या आधी तिकडे एकदा बघा. चिन्ह गेलेलं असेल आणि तुमचे २४ तासही पूर्ण झाले असतील, तरच चढा.